चित्र हाताचे की यंत्राचे? प्रतिमा-तपासणीच्या एका सशुल्क सेवेचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरपासून जानेवारीअखेरपर्यंत मी प्रतिमा-तपासणीची एक सशुल्क सेवा वापरली. चित्र चढवायचे, काही सेकंद थांबायचे आणि ते कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेले असण्याची शक्यता किती टक्के आहे, हे पडद्यावर वाचायचे, असे तिचे स्वरूप आहे. पहिल्या पाच तपासण्या फुकट होतात आणि त्यापुढे महिन्याला ६४९ रुपये पडतात. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीच्या बहुतेक सेवा एकाच पद्धतीने चालतात आणि माझा मुख्य आक्षेप त्या पद्धतीवर आहे. पैशांच्या व्यवहाराबद्दलचा दुसरा, किरकोळ आक्षेप आहे. तो शेवटी सांगते.

सेवा घेण्याची वेळ आली ती एका दिवाळी अंकामुळे. नाशिकच्या इंदिरानगरमधले आमचे वाचक मंडळ लहान आहे, सभासद पंचवीस-तीस आणि त्यांतले बहुतेक निवृत्त. वर्गणीतून दिवाळी अंक घ्यायचे, ते घरोघर फिरवायचे आणि संक्रांतीच्या सुमारास एक कथा, एक लेख व एक रेखाटन निवडून प्रत्येकी २,००१ रुपये आणि एक पत्र पाठवायचे, असा शिरस्ता आहे. रेखाटनाला वेगळे पारितोषिक असण्याचे कारण असे की, आमच्यातले ज्येष्ठ सभासद दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची मुखपृष्ठे पाहत वाढले. चित्राखालची सही न वाचता हात ओळखणारी ही पिढी आहे. १९०९ साली पहिला दिवाळी अंक निघाल्यापासून मजकुराइतकाच चित्रांचाही मान या अंकांत राहिला आहे, असे ही मंडळी दर बैठकीत एकदा तरी ऐकवतात.

यंदा बहुतेकांच्या मनात भरले ते गोदावरीच्या पुरांविषयीच्या एका लेखाबरोबरचे पानभर चित्र. पावसाळी आभाळ, तांबूस मातकट पाणी, अर्धे बुडालेले घाट, पायऱ्यांवर हंडा घेऊन उभी असलेली एक बाई, एका कडेला नारोशंकराच्या देवळाची भिंत आणि मधोमध छातीपर्यंत पाण्यात गेलेला दुतोंड्या मारुती. नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे की हा मारुती आमच्याकडची पूरपट्टी आहे. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की घरोघर पहिला प्रश्न क्युसेकचा नसतो. मारुतीच्या कुठवर पाणी आले, हा असतो. पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला, आणि मग बुडाला. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ ही साले ज्याने त्याने आपापल्या मारुतीसह लक्षात ठेवलेली आहेत. त्यामुळे हे चित्र पाहून आमच्या बैठकीत क्षणभर शांतता पसरली, आणि त्या शांततेतच एका तुलनेने तरुण सभासदाने भ्रमणध्वनीवरून मान वर न करता म्हटले, “हे एआयचे आहे.”

पुढचा पाऊण तास काय झाले ते लिहीत नाही. बैठकीअंती चौकशीचे काम माझ्या गळ्यात पडले, एवढे पुरे.

पहिल्या रात्री मी अंक टेबलावर ठेवून चित्र नुसते पाहत बसले. बाईच्या हाताची बोटे पाचच होती आणि हंड्याच्या गळ्याभोवती ती नीट वळलेलीही होती. परंतु बोटे मोजून निकाल लावण्याचा काळ दोन-तीन वर्षांपूर्वीच संपला, हे मला ठाऊक होते. पाण्यात कललेल्या एका टपरीचा खांब पायरीच्या पुढून पाण्यात शिरत होता आणि पायरीच्या मागून वर येत होता. सराफ बाजाराच्या दिशेला एक दुकानाची पाटी होती. चार हात अंतरावरून ती निखळ देवनागरी वाटायची, जवळ गेल्यावर मात्र शिरोरेषा तेवढी खरी उरायची. तिच्याखाली काने होते, मात्रा होत्या, एखादी वेलांटीही होती, पण ज्याला अक्षर म्हणावे असे काही नव्हते. चित्रे घडवणाऱ्या यंत्रांना देवनागरी अजून अवघड जाते, जोडाक्षरे तर फारच, हे मी वाचले होते. कोपऱ्यात सही नव्हती. आणि मुख्य म्हणजे मारुतीची दोन तोंडे एकाच मानेवर शेजारी शेजारी काढलेली होती, रावणाची काढतात तशी.

नाशिककराला हे पाहून हसू येईल. आमच्या मारुतीचे एक तोंड पुढे आहे आणि दुसरे पाठीमागे. दोन्ही तोंडे शेजारी शेजारी दिसणारा मारुती गंगेवर नाही. (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, “गंगेवर जाऊन येते” म्हटल्यावर कोणी काशीचे तिकीट विचारत नाही.) म्हणजे ज्याने कोणी हे काढले त्याने “दुतोंड्या” हा शब्द वाचला होता आणि मूर्ती पाहिली नव्हती. यंत्र असेच करते, शब्दावरून चित्र घडवते, असे माझ्या मनाने लगेच ठरवून टाकले.

पण मग घंटा आडवी आली. नारोशंकराची घंटा देवळाच्या सभामंडपात नाही. ती बाहेरच्या तटाच्या भिंतीवर, प्रवेशद्वाराच्या वरच्या बाजूला आहे, आणि देऊळ नुसते ऐकून माहीत असलेला माणूस ती हमखास आत टांगतो. चित्रात ती बरोबर भिंतीवर होती. कमानीचा आकारही जवळपास खरा होता. ज्याला मारुती ठाऊक नाही त्याला घंटेची जागा कशी ठाऊक? शिवाय मारुतीची चूक यंत्राचीच असली पाहिजे, असेही नव्हते. ज्या चित्रकाराने नाशिक पाहिलेले नाही आणि ज्याच्या हाती केवळ लेखाचा मजकूर पडला आहे, तोसुद्धा नेमके हेच करील. अज्ञानाच्या खुणा हाताच्या आणि यंत्राच्या वेगळ्या नसतात. हे त्या रात्री मला सुचले तेव्हा साडेअकरा वाजले होते, आणि मी सेवेत खाते उघडले.

वापरायला ही सेवा सोपी आहे, हे आधी मान्य करते. पडदा इंग्रजीत आहे, मराठी किंवा हिंदीचा पर्याय नाही. पण बटणे मोजकीच आहेत आणि निकाल दहा सेकंदांच्या आत येतो. अडचण निकालापासून सुरू होते. मी पान घरच्या स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन करून चढवले, तेव्हा उत्तर आले ३४ टक्के, “बहुधा मानवी”. त्याच पानाचा टेबलावरच्या दिव्याखाली भ्रमणध्वनीने फोटो काढून चढवला, तेव्हा ८८ टक्के, “बहुधा यंत्रनिर्मित”. अंकाची डिजिटल प्रत विकत घेऊन त्यातून चित्राएवढा भाग कापून चढवला, तेव्हा ६१ टक्के, “अनिश्चित”. चित्र एक, अंक एक, रात्र एक आणि उत्तरे तीन. मी झोपले.

सशुल्क वर्गणीत एक जादा सोय मिळते. चित्राचा कोणता भाग संशयास्पद वाटला ते तांबड्या-निळ्या रंगांच्या छटांत दाखवले जाते. ही सोय पाहून मी पैसे भरले आणि दुसऱ्या दिवशी तो रंगीत नकाशा काढला. सर्वांत तांबडी होती पानाची वेलबुट्टीची चौकट, जी त्या अंकाच्या प्रत्येक पानावर आहे. त्याखालोखाल पानाचा क्रमांक आणि मग घंटा. मारुती, त्याच्या दोन्ही तोंडांसह, थंडगार निळा होता. पाणीही निळे. पाटी फिकट.

हा नकाशा घेऊन मी शेजारच्या काकांकडे गेले. काका पंच्याहत्तरीचे आहेत आणि नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेले आहेत. नाशिकमध्ये “प्रेस” म्हटले की वर्तमानपत्र कोणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. १९२५ सालचे इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासून नोटा छापणारे करन्सी नोट प्रेस येते. नोटा, तिकिटे, मुद्रांक, पारपत्रे यांची छपाई हेच ज्या गावाचे पोट आहे, तिथे खऱ्या-खोट्याचा प्रश्न घेऊन आणखी कोणाकडे जाणार? काकांनी कपाटातून दहापट मोठे दाखवणारे भिंग काढले, चित्रावर टेकवले आणि मला वाकून पाहायला लावले.

भिंगाखाली मारुती नव्हताच. निळे, किरमिजी, पिवळे आणि काळे ठिपके होते, चारही रंगांचे ठिपके वेगवेगळ्या कोनांत मांडलेले आणि मधूनमधून त्यांची लहान लहान फुले झालेली. “हे ऑफसेटचं आहे,” काका म्हणाले. “तुझ्या मशीनला तू चित्र दाखवलंच नाहीस, छपाई दाखवलीस. दलालांचं मुखपृष्ठ भिंगाखाली धरलंस तरी असे ठिपकेच दिसतील.”

काकांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या नेमके होते, हे नंतर वाचताना पटत गेले. आजची बहुतेक चित्रयंत्रे निव्वळ कणकण गोंधळापासून सुरुवात करतात आणि दिलेल्या शब्दांच्या रोखाने तो गोंधळ पायरीपायरीने कमी करत चित्र काढतात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन याच पद्धतीचे आहे. हे काम पूर्ण आकाराच्या चित्रावर होत नाही. ते त्याच्या आक्रसलेल्या, सांकेतिक रूपावर होते आणि शेवटी ते रूप फुगवून पूर्ण चित्र तयार केले जाते. या फुगवण्यात डोळ्याला न दिसणारी एक बारीक नियमितता चित्रात उरते. तपासणी करणाऱ्या सेवेला दोन्ही प्रकारची असंख्य चित्रे दाखवून ही नियमितता टिपायला शिकवलेले असते. मात्र सर्वांत बारीक खूण सर्वांत आधी पुसली जाते. व्हॉट्सॲपवरून चित्र पाठवले की ते पुन्हा दाबले जाते. अंकाच्या मांडणीत ते लहान-मोठे केले जाते. छापताना त्याचे ठिपके होतात. स्कॅन करताना त्या ठिपक्यांवर दुसरी जाळी बसते. एवढ्या चाळण्यांतून गेल्यावर सेवेला जी नियमितता सापडते ती छापखान्याची असते. माझ्या चौकटीची वेलबुट्टी आणि पानाचा क्रमांक तांबडा का झाला, याचा उलगडा असा झाला. संगणकावर आखलेल्या, पानोपान एकाच साच्यात येणाऱ्या गोष्टी त्याच होत्या.

काका पुढे जे बोलले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. खरी नोट ओळखू येते, कारण ओळखू यावी म्हणून ती घडवलेली असते. कागदातच जलचिन्ह असते, धागा कागद तयार होतानाच आत बसतो, बोटाला लागणारी उठावाची शाई वेगळ्या पद्धतीने चढवतात, आणि नुसती रेघ वाटणाऱ्या जागी सूक्ष्म अक्षरे असतात. तपासणारा या पेरलेल्या खुणा शोधतो. “या चित्रात कोणी काय पेरलंय? मग ते पोरगं शोधणार काय?” काका सेवेला सुरुवातीपासून पोरगंच म्हणत होते.

खुणा पेरण्याचे प्रयत्न चित्रांच्या बाबतीतही सुरू आहेत, आणि माझ्या मते सेवेपेक्षा तेच पाहण्याजोगे आहेत. गूगलने ऑगस्ट २०२३ मध्ये सिंथआयडी आणले. गूगलच्या साधनांनी केलेल्या चित्रांत ते डोळ्याला न दिसणारे जलचिन्ह घालते, आणि नोव्हेंबर २०२५ पासून गूगलच्याच जेमिनी ॲपमध्ये चित्र चढवून ते चिन्ह आहे का, हे कोणालाही विचारता येते. दुसरा मार्ग आहे सीटूपीए या नावाच्या मानकाचा. ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी, इंटेल आदींनी २०२१ मध्ये मिळून तो हाती घेतला, आणि त्यात चित्राच्या फाइलसोबत त्याचा जन्मदाखला जोडलेला असतो. दोन्ही तपासण्या फुकट आहेत. माझ्या चित्रात दोन्ही ठिकाणी काही सापडले नाही, आणि त्यावरून काही ठरलेही नाही; पहिली खूण मुख्यतः एकाच घराण्याच्या यंत्रांपुरती आहे आणि दुसरी फाइलीला जोडलेली असल्याने कागदावर उतरतच नाही. तरीही हे उत्तर प्रामाणिक होते. खूण आहे किंवा नाही, एवढेच ते सांगतात. ६१ टक्के असे काही सांगत नाहीत. खरा उपयोग झाला तो चित्रावरून तशीच चित्रे शोधून देणाऱ्या गूगल लेन्सचा. पूर्ण चित्र टाकल्यावर तसेच दुसरे चित्र कुठे मिळाले नाही, परंतु केवळ घंटेचा भाग कापून टाकल्यावर नारोशंकराच्या तटाचे, त्याच कोनातून, त्याच सावलीसह काढलेले एक छायाचित्र समोर आले. घंटेला छायाचित्राचा आधार होता, हे पक्के झाले. आधार घेऊन हात चालतो, तसेच यंत्रही चालते. पण निदान एक धागा हाती लागला.

दरम्यान, सेवेवर एका चित्रावरून निकाल देऊ नये म्हणून मी वीस चित्रांची चाचणी घेतली, ज्यांची खरी उत्तरे मला आधीच माहीत होती. आठ माणसांची किंवा कॅमेऱ्याची, आठ भाचीने वेगवेगळ्या यंत्रांकडून माझ्यासमोर करून घेतलेली, आणि चार मिश्र, म्हणजे हाताने काढून यंत्राकडून सजवलेली. मूळ फाइल जशीच्या तशी दिल्यावर यंत्राच्या आठांपैकी सात सेवेने ओळखली, आणि हे काही कमी नाही. तीच आठ चित्रे व्हॉट्सॲपवरून फिरवून पुन्हा दिली तेव्हा चार ओळखली. माणसांच्या आठांपैकी दोन यंत्राच्या माथी गेली. त्यांतले एक सुनेने टॅबवर काढलेले रांगोळीचे रेखाटन होते, ९१ टक्के. दुसऱ्याने मात्र मला खरोखर चकित केले. माझ्या आजेसासूबाईंच्या देवघरातली राजा रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी, काचेत बसवलेली, कडेने तपकिरी पडलेली, तिला सेवेने ६७ टक्के यंत्रनिर्मित ठरवले. एका अर्थाने ती यंत्रनिर्मित आहेच. रंगागणिक वेगळा दगड वापरून छापलेली ती शिळाछापाची प्रत आहे, आणि त्याच छापखान्यात त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनीही पुढे सिनेमाकडे वळण्याआधी काम केले होते. मिश्र चारांबद्दल सांगण्यासारखे इतकेच की एकाला १२ टक्के मिळाले आणि एकाला ९५, आणि दोन्हींत हाताचे काम निम्म्याच्या आसपास होते.

माझ्या वीस चित्रांच्या चाचणीला शास्त्रीय वजन नाही, हे मान्य. पण साधा हिशेब करून पाहा. समजा एखाद्या स्पर्धेला १०० चित्रे आली आणि त्यांतली १० यंत्राची आहेत. सेवा चांगली आहे, दहांपैकी नऊ पकडते, आणि हाताच्या चित्रांत फक्त दहा टक्के वेळा चुकते, असेही समजू. उरलेल्या ९० चित्रांपैकी ९ चित्रांवर ती विनाकारण बोट ठेवील. म्हणजे एकूण १८ चित्रकार आरोपी आणि त्यांतले नऊ निर्दोष. निकालपत्रावर मात्र प्रत्येकासमोर तोच लाल शिक्का असतो.

हे केवळ कागदावरचे भय नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बेन मोरन या नावाने काम करणाऱ्या एका डिजिटल चित्रकाराचे चित्र यंत्राचे वाटते म्हणून एका मोठ्या ऑनलाइन कलासमूहातून काढून टाकण्यात आले. त्याने कामाची मूळ फाइल दाखवण्याची तयारी दर्शवली, तरी उपयोग झाला नाही. उलट २०२४ मध्ये माइल्स ॲस्ट्रे या छायाचित्रकाराने मान पोटाखाली घातल्यामुळे बिनडोक्याच्या दिसणाऱ्या फ्लेमिंगोचे खरे छायाचित्र मुद्दाम एका छायाचित्र-स्पर्धेच्या एआय विभागात पाठवले आणि परीक्षकांकडून पारितोषिक मिळवले. सत्य उघड केल्यावर ते अर्थातच बाद झाले. आमच्या मंडळाला पहिल्या प्रकारची चूक करायची नव्हती. म्हणून अखेर जे पहिल्या दिवशी करायला हवे होते ते मी केले. अंकाच्या संपादकांना पत्र लिहिले.

नऊ दिवसांनी उत्तर आले आणि त्याच संध्याकाळी स्वतः चित्रकारांचा फोन आला. ते विदर्भातले, नाशिकला कधी आलेले नाहीत. मी फार संकोचून विषय काढला. त्यांनी मात्र अजिबात आडपडदा ठेवला नाही. मारुती पूर्णपणे त्यांच्या हातचा होता. त्याची पेन्सिलीची तीन कच्ची रेखाटने त्यांनी लगेच पाठवली; एकावर चहाच्या कपाचा गोल उमटला होता आणि दुसऱ्यावर डावे तोंड खोडून पुन्हा काढलेले दिसत होते. “दुतोंड्या म्हटल्यावर दोन तोंडं शेजारी शेजारीच डोळ्यांपुढे आली हो,” ते म्हणाले. “तुमच्याकडे ती पाठीला पाठ लावून असतील, हे डोक्यात कसं यावं?” घंटा आणि भिंत छायाचित्रावरून हाताने काढलेली. बाई त्यांच्या आईवरून. पाणी, आभाळ, लांबची दुकाने आणि ती टपरी मात्र यंत्राकडून घेतली होती आणि वरून कुंचल्याने सारखी केली होती. पाटी तशीच राहिली, कारण एवढ्या लहान आकारात ती कोणी वाचणार नाही, असे त्यांना वाटले. चित्रासाठी त्यांना चार दिवस मिळाले होते. मानधनाचा आकडाही त्यांनी सांगितला. तो ऐकल्यावर मी या विषयावर पुढे काही बोलले नाही.

फोन ठेवल्यावर मी सेवेचा तो रंगीत नकाशा पुन्हा काढून पाहिला. मारुती निळा होता, ते बरोबर ठरले. पाणी निळे होते, ते चूक. घंटा तांबडी होती, तेही चूक. आणि आमच्या बैठकीत ज्या पाण्याचे “हा हातच वेगळा” म्हणून सर्वांत जास्त कौतुक झाले होते ते यंत्राचे होते, आणि ज्या मारुतीला मी मनातल्या मनात यंत्राचा ठरवला होता तो माणसाचा. सेवा चुकली तितकीच मीही चुकले होते. फरक एवढाच की मी महिन्याला ६४९ रुपये घेत नव्हते.

माझा मुख्य आक्षेप इथेच आहे. “हे चित्र यंत्राचे असण्याची शक्यता ६१ टक्के” या वाक्यात चित्र एकतर पूर्ण हाताचे किंवा पूर्ण यंत्राचे असते, असे गृहीत धरलेले आहे. आजचे व्यावसायिक चित्र तसे राहिलेले नाही. आभाळ एकाचे, मारुती दुसऱ्याचा, घंटा तिसऱ्याच्या छायाचित्रावरून. अशा चित्राला एकच आकडा लावणे म्हणजे भेळेत कुरमुरे किती टक्के खरे, असे विचारणे आहे. आकड्याऐवजी सेवेने “छापील प्रतीवरून सांगता येत नाही” एवढे एक वाक्य दाखवले असते, तरी मी तिला आणखी एक तारा दिला असता.

वापराचा विचार करायचा, तर ज्यांच्याकडे चित्राची मूळ फाइल येते, उदाहरणार्थ वर्तमानपत्राच्या किंवा मासिकाच्या संपादकीय टेबलावर, त्यांना पहिली चाळणी म्हणून ही सेवा उपयोगी पडू शकेल. निकाल लागला की चित्रकाराला फोन करायचा, त्याला नकार कळवायचा नाही, एवढे पथ्य पाळावे. छापील अंक, व्हॉट्सॲपवर आलेले चित्र किंवा पडद्याचा फोटो एवढेच हाती असलेल्या वाचकाने पैसे घालू नयेत. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२६ मध्ये माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून कृत्रिमरीत्या तयार केलेल्या चित्रांवर आणि चित्रफितींवर तसे ठळकपणे सांगणे ऑनलाइन मंचांना बंधनकारक केले आहे, परंतु टेबलावरच्या कागदी दिवाळी अंकाला त्याचा उपयोग नाही.

आणखी दोन गोष्टी वर्गणी भरण्याआधी वाचाव्यात. सेवेच्या अटींत, बरेच खाली, असे लिहिले आहे की चढवलेली चित्रे सेवा सुधारण्यासाठी ठेवून घेतली जाऊ शकतात. म्हणजे एका चित्रकाराने यंत्र वापरले का, हे शोधण्याच्या नादात मी त्याचे चित्र त्याला न विचारता दुसऱ्या एका यंत्राच्या शिकवणीला देऊन बसले. हे मी त्यांना फोनवर सांगितले. ते हसले, मला हसू आले नाही. दुसरी गोष्ट पैशांची. जानेवारीअखेर वर्गणी बंद केल्याचा संदेश येऊनही फेब्रुवारीचे ६४९ रुपये कार्डावरून गेले. तीन पत्रांना तीन तत्पर, सभ्य आणि शब्दशः एकसारखी उत्तरे आली. ती हाताने लिहिलेली होती की यंत्राने, हे तपासायला मला सेवेची गरज पडली नाही. पैसे अजून आलेले नाहीत.

पाचपैकी दीड तारा. एक तारा मूळ फाइलींवर दाखवलेल्या कामगिरीसाठी आणि अर्धा त्या रंगीत नकाशासाठी, कारण त्याच्यामुळेच मी काकांच्या दारी गेले.

पारितोषिकाचे काय झाले, तेही सांगायला हवे. नियमात “स्वहस्ते काढलेले रेखाटन” असे शब्द असल्याने ते दुसऱ्या एका अंकातल्या शाईच्या चित्राला गेले. ठराव अकरा विरुद्ध नऊ मतांनी झाला. काका नऊंमध्ये होते. मारुती त्याचा आहे ना, मग मारुतीपुरते द्या, असे त्यांचे म्हणणे होते. पुढील वर्षीच्या पत्रकात मी एक ओळ घातली आहे, की निवडलेल्या चित्राच्या कच्च्या रेखाटनाचे छायाचित्र मंडळ चित्रकाराकडून मागवील आणि यंत्राचा वापर झाला असल्यास तो कोणत्या भागात झाला, हेही विचारील. गेल्या रविवारी गंगेवर जाऊन मारुतीचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले आणि चित्रकारांना पाठवले. पाणी उतरलेले होते, पायथ्याशी कोणी सतरंजी वाळत घातली होती, तीही फोटोत आली आहे.